गाडी का पोरगं

आमची दोन खोल्यांची जागा गॅरेजच्या मागच्या अंगाला आहे. मध्ये नुसता पत्रा. त्या पत्र्याला चौकोनी खिडकी कापून घेतली आहे. तिच्यातून मी चहाचा ट्रे पुढे सरकवते आणि रिकामे कप परत घेते. दिवसभर उद्यमनगरात लेथचा आवाज असतो. संध्याकाळी लेथ थांबले की पत्र्यापलीकडे माणसांचा आवाज सुरू होतो. गल्लीतल्या तालमीची, म्हणजे आमच्या मंडळाची, माणसं जुन्या टायरांवर बसून बोलतात. गेलं वर्षभर ती एकाच गोष्टीवर भांडत होती. गाडी मार खाते का पोरगं?

गाडी म्हणजे मालकांची शर्यतीची गाडी. एका माणसापुरती, वर टप नाही, चाकं अंगाबाहेर. ती पळती ठेवायचं काम माझ्या नवऱ्याचं. आणि पोरगं म्हणजे ती गाडी चालवणारा माझा धाकटा भाऊ.

दोष गाडीचा ठरला असता तर नवऱ्याचं काम जाणार होतं, आणि कामाबरोबर ही जागाही. दोष पोराचा ठरला असता तर भावाच्या हातून गाडी जाणार होती. त्या माणसांना हे माहीत होतं. पण वाद रंगात आला की त्यांना पत्र्यामागे कोण उभं आहे याचं भान राहायचं नाही. मी मुळात कमी बोलणारी. वर्षानुवर्षं चहा पाजूनही त्यातल्या काहींनी माझा हात तेवढा पाहिलेला आहे.

भावाला मी वाढवला असं म्हटलं तरी चालेल. माझी शाळा चौथीनंतर सुटली ती त्याच्यासाठीच. आई रानात जायची, आणि याच्याकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं. आमचं माहेर गडमुडशिंगीचं. तिथून विमानतळ जवळ. याला काखेत मारून मी विमानं दाखवायला न्यायचे. इतर पोरं विमान उडालं की टाळ्या वाजवायची. याला ते उडण्याआधी जमिनीवर पळतं तेवढंच आवडायचं. उडालं की हा तोंड फिरवायचा आणि "पुन्ना" म्हणायचा, जसं काही ते विमान मी परत खाली आणणार होते.

मोठा झाल्यावर तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लागला. पण जीव सगळा गाडीत. मालकांना नवीन ड्रायव्हर हवा होता तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "एकदा माझ्या भावाला बसवून बघा की." लग्न झाल्यापासून मी त्यांच्याकडे तोंड उघडून मागितलेली तेवढी एकच गोष्ट. त्यांनी मालकांना सांगितलं. मालकांनी बसवलं. आणि पहिल्याच हंगामात तो जिंकला.

त्या दिवशी सगळी तालीम ट्रॅकवर गेली होती. आमच्याकडे फुटबॉलची मॅच जिंकली की जे होतं तेच तिथे झालं. हलगी, शिट्ट्या, आणि पोत्यानं गुलाल. मी गेले नव्हते. संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलवर बघितलं. गाडी तपासायला म्हणून तिचा मागचा पत्रा काढलेला, हवा घ्यायचा फिल्टरही काढून बाजूला ठेवलेला, आणि इंजिन चालूच. तेवढ्यात ही माणसं येऊन पडली. कुणीतरी ओरडलं, "अरं, इंजिनालाबी लावा की! पळालंय कोण, त्येच की!" आणि मग मुठीवर मुठी. पहिली मूठ मालकांची. माझा नवरा मध्ये हात घालत होता, तर त्याच्याच डोक्यावर अर्धं पोतं रिकामं झालं. भाऊ खांद्यावर बसून हसत होता. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल.

त्यानंतर गाडी जिंकली नाही. तिसरी, चौथी, एकदा तर सहावी. आणि पत्र्यापलीकडे दोन पक्ष पडले.

गाडीला दोष देणारे एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले आबा. पोराला दोष देणारा गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला टेलर. बाकीचे आज इकडे, उद्या तिकडे.

"आबा, डोळं उघडून बघा," टेलर मोबाईल त्यांच्या नाकाशी धरायचा. "ह्ये वळान. हितं आपल्या पोरानं ब्रेक मारला. आन् ह्यो पुढचा बघा, त्येनं अजून मारलेला न्हाई. तेवढ्यात गेला की गडी निघून!"

"मोबाईलात बघून गाडी कळत्या व्हय रं? आवाज ऐक. वळणातनं भाईर पडली की रडत्या ती. गगनबावड्याच्या घाटात इंजिन कवा दम टाकतंय ते मला शिकवू नगंस."

"एसटीत आन् ह्यात फरक हाय आबा. एसटी उशिरा पोचली म्हणून कुणी कप काढून घेत न्हाई."

"तुजं ब्लाऊज तरी कवा येळंवर मिळालंय? दिवाळीचं शिमग्याला देतोस, आन् आपल्या पोराला हळू म्हणतोस!"

मग सगळे हसायचे. कुणीतरी खिडकीशी येऊन म्हणायचं, "वैनी, अजून चार." मी चार कप सरकवायचे. हसणं ऐकून मलाही हसू यायचं कधी. पण ते गेल्यावर टायर जागेवर लावायचे ते मीच. यांच्यासाठी तो संध्याकाळचा विरंगुळा होता. रात्री जेवताना तोच वाद माझ्या ताटात यायचा.

भाऊ दर बुधवारी पाळी सुटली की आमच्याकडे जेवायला यायचा. पूर्वी तो आणि माझा नवरा एका पाटीवर खडूनं वळणं काढून बोलत बसायचे, आमटी निवून जायची. हळूहळू ते बोलणं बंद झालं. दोघं एकाच पंगतीला बसायचे आणि बोलायचे माझ्याशी.

नवरा म्हणायचा, "तुझा भाऊ वळणाच्या लई आधी ब्रेकवर पाय ठेवतोय. टेलर म्हणतोय त्यात कायतरी हाय."

भाऊ भाकरीकडे बघत म्हणायचा, "आक्का, दाजींना सांग, वळणातनं निघताना इंजिन उचलंना झालंय. म्हणून मी आधीच सावरून घेतो, हाय तेवढा वेग टिकावा म्हणून. मला काय हौस हाय व्हय ब्रेक मारायची?"

दोघंही हाताच्या अंतरावर. मी मध्ये वाढायला उभी. यातलं कुणाचं काय कुणाला सांगू? मी भात वाढायचे.

नवरा आपल्या परीनं सगळं करून थकला होता. प्लग बदलले, कार्बोरेटर किती वेळा सोडून साफ केला, फिल्टर नवा घातला. पण इंजिन आतून उघडायची सोय नव्हती. शर्यतवाल्यांनी त्याला सील मारलेलं असतं. कुणी आत काही करू नये म्हणून. ते तोडायचं तर त्यांचा माणूस बोलवावा लागतो. नवऱ्यानं मालकांना दोनदा सांगितलं. मालक म्हणाले, "हंगाम संपू दे, मग बघू." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, तुमचा मेव्हणा हाय म्हणून तुम्ही इंजिनावर ढकलताय का?" नवरा त्या दिवशी जेवला नाही. आणि भावाला गॅरेजच्या पोरांकडून वेगळंच कळलं. दाजी मालकांना म्हणाले, इंजिन ठीक आहे. कोण कुणाला काय सांगत होतं देव जाणे.

मग एका संध्याकाळी मालक स्वतः टायरावर येऊन बसले. वाद चालूच होता. त्यांनी हात वर केला.

"बास झालं. येत्या रविवारी सांगलीचा एक गडी बोलावतो. हीच गाडी, हेच टायर, ह्योच ट्रॅक. त्येनं पोराच्या टायमापेक्षा जोरात पळवली तर पोरगं बदलायचं. त्योबी मागं पडला तर मिस्त्री बदलायचा. परत वाद न्हाई."

"आता कसं बोललासा!" टेलर म्हणाला.

"बघू की," आबा म्हणाले. "दूध का दूध हुईल."

टाळी दिल्याचा आवाज आला. माझ्या हातात चहाची गाळणी होती. चहा कपाबाहेर कधी गेला ते कळलं नाही. बोटं भाजली तेव्हा कळलं.

त्या आठवड्यात मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. देवापुढे हात जोडले तर मागायचं काय तेच कळेना. सांगलीचा गडी जिंकू दे म्हणू? तो जिंकला तर भाऊ बाहेर. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "सीट गेली तर ह्या गॅरेजच्या दारात परत पाय ठेवणार न्हाई आक्का. ही माणसं हसणार, आन् मी हसू ऐकत तुझ्याकडं जेवणार?" तो हरू दे म्हणू? तर आमचं बिऱ्हाड रस्त्यावर. आणि नवऱ्यानंही सांगून ठेवलं होतं, "तसं झालं तर तुझा भाऊ माझ्या घरात नको. त्येनं इंजिनाला नावं ठेवली म्हणून माझं काम गेलेलं असंल." म्हणजे जिकडून बघावं तिकडून भाऊ तुटत होता. नवऱ्याचं काम राहो नाहीतर जावो, बुधवारचं ताट जाणारच होतं. सकाळी भांडी घासताना, दळण आणताना मी हेच परत परत लावून बघायचे. कुठेतरी एखादी वाट असेल असं वाटायचं. नव्हती.

आणि मग एक सापडली असं मला वाटलं. कुणी हरवायच्या आत भावानं स्वतःच गाडी सोडली तर? मग परीक्षेचं कारणच उरणार नाही. कुणी कुणाला घालवलं असं होणार नाही. नवऱ्याचं काम राहील, भाऊ मानानं बाजूला होईल, आणि दर बुधवारी येत राहील. एकदा हे डोक्यात आलं ते निघेना. मला ते इतकं सरळ वाटत होतं की आधी का सुचलं नाही याचं नवल वाटलं.

बुधवारी तो आला. नवरा मालकांबरोबर बाहेर गेला होता. मी त्याला वाढलं, समोर बसले. कधी नाही ते समोर बसले म्हणून त्यानं वर बघितलं.

"एक मागू का?"

"माग की."

"रविवारच्या आधी तूच गाडी सोड. तुझ्या तोंडानं. कामाचं कारण सांग, पाळी बदलली म्हणून सांग."

तो घास हातात धरून बसला.

"का?"

मला जे मनात स्पष्ट होतं ते तोंडात येईना. नेहमीचंच माझं. मी म्हटलं, "सगळ्यांच्या भल्याचं हाय ते."

"तुलाबी तसंच वाटतंय व्हय?"

"कसं?"

"मी हळू चालवतोय."

"तसं न्हाई रं..."

"त्या माणसांचं सोड. टेलर काय, आबा काय. पण तू पत्र्यामागनं सारं ऐकत बसत्यास आन् शेवटी हेच म्हणत्यास." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यानं ताटातली भाकरी संपवली, एक कणही ठेवला नाही. हात धुतले. खुंटीवरचं हेल्मेट घेतलं. दर बुधवारी ते इथेच टांगून जायचा.

"सोडतो," म्हणाला. "तू मागितलंस म्हणून."

त्याच रात्री त्यानं मालकांना फोन केला.

मला वाटलं होतं आता रविवार टळेल. टळला नाही. मालक म्हणाले, "पोरगं पळालं, म्हंजे त्येला आधीच कळलं हुतं. सांगलीच्या गड्याला शब्द दिलाय, येऊ दे. आता त्योच चालवंल, पुढचा हंगामबी." आणि पत्र्यापलीकडे टेलर नुसता फुलला होता. "बघा आबा! मी काय म्हणत हुतो? चोराच्या मनात चांदणं असतंय."  आबांनी चहा अर्धाच ठेवला. तो अर्धा कप परत घेताना मला ओरडून सांगावंसं वाटलं की तो पळाला नाही, मी काढला त्याला. पण खिडकीतून माझा हात गेला, आवाज गेला नाही.

रविवारी सगळे ट्रॅकवर गेले. मी घरीच. दुपारी टेम्पो परत आला तेव्हा हलगी नव्हती, गडबड नव्हती. माणसं टायरांवर बसली. मी ट्रे सरकवला तरी कुणी कप उचलेना. मग आबांचा आवाज आला, "बोल की रं टेलर. आता का गप?"

"गडी चांगला हाय," टेलर म्हणाला, "पण आपल्या पोरापेक्षा मागंच राहिला."

"किती?"

"लई."

भावाच्या आधीच्या फेऱ्यांच्या वेळा लावून बघितल्या, तर सांगलीचा ड्रायव्हर त्याच्यापेक्षा हळू गेला होता. प्रत्येक फेरीला. त्यानं गाडीतून उतरून सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "ह्या गाडीनं तुमचं पोरगं तिसरं कसं आणत हुतं?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. त्याला रविवारपर्यंत राहू दिलं असतं तर ते वाक्य त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं असतं.

आता नवऱ्याची पाळी होती. पण त्यानं मालकांना एवढंच म्हटलं, "मला काढा, पण आधी इंजिन उघडा." या वेळी मालकांनी शर्यतवाल्यांचा माणूस बोलावला, तो गुरुवारी आला. सील तुटलं. मी खिडकीतून बघत होते, पहिल्यांदाच कुणापासून लपत नव्हते. नवऱ्यानं वरचा भाग उचलला, आत बोट फिरवलं आणि बोट सगळ्यांपुढे धरलं. गुलाबी चिखल होता. सिलिंडरच्या भिंतीवर आतून चरे पडलेले. फिल्टर नसताना इंजिननं तो गुलाल ओढून घेतला होता आणि त्या दिवसापासून रोज थोडं थोडं स्वतःलाच खात होतं.

 मग एकदम सगळे बोलायला लागले.

"इंजिनाला लावा म्हणून कोण वराडलं हुतं?"

"म्या तोंडानं म्हणलो. टाकला तू!"

"माझी मूठ टायरवर पडली."

"गुलालानं कसलं इंजिन मरतंय? साऱ्या गावाच्या नाकात जातोय, कोण मेलंय?"

मालक आपल्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "चालायचंच. मिस्त्री, नवं इंजिन घालू." आणि बाहेर जाऊन गाडीत बसले.

म्हणजे नवरा खरा होता, भाऊही खरा होता. आबाही खरे. टेलरला दिसत होतं तेही खोटं नव्हतं, भाऊ ब्रेक आधी मारतच होता. सगळे खरे असताना माझ्या घरातून एक माणूस गेला होता, आणि त्याला त्यांच्यापैकी कुणी घालवलं नव्हतं.

नवरा रात्री म्हणाला, "पोरगं लई चांगलं चालवत हुतं गं. तसल्या इंजिनावर तिसरं आणायचं म्हंजे..."

"मग त्याला सांगा की हे. फोन करा."

"मी कसा करू? तू सांग."

वर्षभर दोघांनी एकमेकांचं सगळं मला सांगितलं, आणि मी काहीच पोचवलं नव्हतं. या वेळी मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सिटी बस धरून गडमुडशिंगीला गेले.

भावाची त्या दिवशी सुट्टी होती. तो गोठ्यात म्हशीपुढे वैरण टाकत होता. मला बघून "ये" म्हणाला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सांगलीचा गडी, गुलाल, दाजी काय म्हणाले ते. आयुष्यात एका दमात एवढं मी कधी बोलले नसेन.

"कळलं मला," तो म्हणाला. "आबांचा फोन आलता. रडत हुतं म्हातारं."

"मग बुधवारी ये. जेवायला ये नुसता. गाडीचं राहू दे."

तो वैरण टाकत राहिला. मग पेंढी खाली ठेवून माझ्याकडे वळला.

"आक्का, एक खरं सांग. त्या दिवशी तुला वाटलं हुतं का, मी हळू चालवतोय म्हणून?"

मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं. आणि त्याच वेळी मला पत्र्यामागच्या त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. ह्ये वळान, हितं ब्रेक, हितं गेला गडी. रोज ऐकून ऐकून एखाद्या संध्याकाळी मला तसं वाटलं होतं का? मला खरंच माहीत नव्हतं. वाटलं असेल. कप विसळताना, कधीतरी, क्षणभर.

"न्हाई," मी म्हटलं. "न्हाई रं बाबा, कधीच न्हाई."

पण तो ड्रायव्हर आहे. बोटाच्या एका चुटकीत किती मावतं हे त्याच्याइतकं कुणाला कळतं. माझं न्हाई किती उशिरा आलं ते त्यानं माझ्या तोंडावर बघितलं.  "दूध नेत्यास का?" म्हणाला, आणि मी नको म्हणायच्या आत बरणी भरायला आत गेला.

बुधवारी मी त्याच्यापुरतं पीठ जास्त मळलं. पाळी सुटायची वेळ झाली, कंपनीची बस गेल्याचा आवाज झाला, नंतर पत्र्यापलीकडे माणसं जमली. रविवारच्या शर्यतीत नव्या इंजिनावर सांगलीचा गडी दुसरा आला होता. पहिला का आला नाही यावर टेलर आणि आबांचं जुंपलं होतं. मी चहा दिला. नवरा जेवला, उठताना तिसऱ्या ताटाकडे बघून म्हणाला, "झाकून ठेव, येईल उशिरा." मी झाकून ठेवलं.